नवा गायक कानाला का खटकतो?

५ सप्टेंबर २०२४ ला लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडने लाइव्हस्ट्रीमवर एमिली आर्मस्ट्राँगला नवीन गायिका म्हणून पुढे आणलं. आधीचा गायक चेस्टर बेनिंग्टनला जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. काही तासांत फॅन लोकांचे सरळ दोन तट पडले, एक म्हणतोय बँड परत आला यातच सगळं आलं, दुसरा म्हणतोय चेस्टर नाही तर निदान नाव तरी बदला. अशा वेळी बाहेरचे लोक दुसऱ्या तटाला हट्टी ठरवतात, गाणी तीच आहेत ना मग बिघडलं कुठे असं विचारतात. मला हे अजिबात पटत नाही. कानाच्या दृष्टीने गाणं तेच राहिलेलं नसतं, आणि त्यामागे चांगलं ठोस विज्ञान आहे.

आधी आवाजाचं बघू. गळ्यातले स्वरतंतू सेकंदाला किती वेळा कंप पावतात यावर सुराची उंची ठरते, २२० वेळा म्हणजे २२० हर्ट्झ. पण त्याच वेळी ४४०, ६६०, ८८० असे वरचे सूरही सोबत निघत असतात, आणि घसा, तोंड, नाक या पोकळ्या त्यातले काही उचलून धरतात तर काही दाबून टाकतात. पुरुषात ही सगळी नळी स्वरतंतूंपासून ओठांपर्यंत साधारण १७ सेंटीमीटर, पण टाळू, जबडा, जीभ यांची ठेवण प्रत्येकाची वेगळी. म्हणून पेटी आणि तंबोऱ्यावर एकच सा वाजवला तरी डोळे मिटून कळतं ना कुठला कोणता, तसंच दोन गळ्यांचं. सूर रियाजाने येतो, पण आवाजाचा पोत बराचसा शरीरातच असतो.

आणि हा पोत आपण किती घट्ट धरून ठेवतो बघा. १९९९ साली मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना गाजलेल्या गाण्यांचे फक्त एक दशांश सेकंदाचे तुकडे ऐकवले. एवढ्यात चालच काय, धड एक अक्षर पण बसत नाही, तरी दिलेल्या यादीतून लोक गाणं ओळखत होते, नुसत्या अंदाजाने जमेल त्यापेक्षा नक्कीच जास्त वेळा. त्याआधी १९९४ मध्ये डॅनियल लेव्हिटिनने साध्या विद्यार्थ्यांना आवडतं गाणं आठवणीतून गायला लावलं, तर जवळपास ४० टक्के जणांनी दोनपैकी निदान एकदा तरी मूळ रेकॉर्डची पट्टी अचूक पकडली. म्हणजे गाणं काळी एक मध्ये आहे की पांढरी चारमध्ये हे सांगता न येणारा माणूसही ते डोक्यात त्याच पट्टीत साठवून बसलेला असतो. त्यात मेंदूच्या कानाजवळच्या भागात खास माणसाच्या आवाजाला प्रतिसाद देणारे पट्टे आहेत हे पास्कल बेलिनच्या टीमने २००० साली दाखवलं, त्यामुळे गिटार वाजवणारा बदलला तर एकवेळ चालून जातं, गायक बदलला तर माणूसच बदलतो.

अजून एक गोष्ट म्हणजे मेंदू गाणं ऐकताना एक पाऊल पुढे चालत असतो. २०११ मध्ये माँट्रियलला झालेल्या एका अभ्यासात दिसलं की आवडत्या गाण्यातला अंगावर काटा आणणारा क्षण यायच्या आधीच, नुसत्या वाट बघण्यातच, मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन सुटायला लागतं. आता कल्पना करा, शंभरदा ऐकलेली ती किंकाळी आत्ता येणार म्हणून तुम्ही श्वास धरून बसलाय आणि येतो भलताच गळा. खटकणारच.

क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं उदाहरण मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि तो आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, त्याचा पहिला बँड द हेक्टिक्स तिथलाच, म्हणून जरा जास्तच जवळचा. २०१६ मध्ये ख्रिश्चन हर्बस्ट वगैरे संशोधकांनी त्याच्या रेकॉर्डिंगची चिरफाड केली. बोलताना त्याचा आवाज ११७ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे खालच्या पट्टीतला, गायचा मात्र वर. लांबवलेला सूर जो वरखाली हेलकावतो (व्हायब्रॅटो) तो सेकंदाला सात वेळा, जो बहुतेक गायकांचा पाच-सहाच्या घरात असतो. आणि त्याच्या आवाजातली ती खरखर कुठून येते हे बघायला त्यांनी एका व्यावसायिक गायकाला तशी नक्कल करायला सांगून घशात कॅमेरा घातला, सेकंदाला चार हजारांहून जास्त फ्रेम घेणारा. तर दिसलं काय, की खऱ्या स्वरतंतूंच्या वर जी खोट्या स्वरतंतूंची जोडी असते, जी एरवी गाताना बाजूला शांत असते, ती पण हलत होती, खालची तीनदा तर वरची एकदा. ज्या आवाजात इतकं काय काय चाललंय त्याची जागा कोण कशी भरणार? अ‍ॅडम लॅम्बर्ट २०१२ पासून क्वीनबरोबर दौरे करतोय पण फ्रेडी व्हायला जात नाही, स्वतःच्या ढंगाने गातो, आणि मला वाटतं म्हणूनच लोकांनी त्याला आपलं म्हटलं.

उलट आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचं बघा. १९९३ ला गायक ब्रूस डिकिन्सनने बँड सोडला आणि पुढे त्याच्या जागी ब्लेझ बेली आला, त्याचा आवाज जड, खालचा. पण बँडने जुनी गाणी डिकिन्सनच्याच उंच पट्टीत ठेवली, आणि बिचाऱ्याला रोज रात्री स्टेजवर 'हॅलोड बी दाय नेम' ओढावं लागायचं. फॅन चिडले ते त्याच्यावर, मला विचाराल तर चूक बँडची होती. ब्रिटनमध्ये डिकिन्सनचा १९९२ चा अल्बम एक नंबरला होता, ब्लेझचा पहिला आठव्या आणि दुसरा सोळाव्या नंबरपर्यंतच गेला. गंमत म्हणजे त्याच काळातलं 'द क्लॅन्समन' पुढे डिकिन्सन परतल्यावर त्याने गायलं आणि तेच लोक त्यावर जीव टाकतात, म्हणजे गाणी वाईट नव्हतीच.

एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन बँडने हे वेगळं केलं. १९ फेब्रुवारी १९८० ला त्यांचा गायक बॉन स्कॉट वारला, जुलैत ब्रायन जॉन्सनच्या आवाजात 'बॅक इन ब्लॅक' बाजारात आला, काळं कव्हर, सुरुवातीलाच घंटेचे टोल, आणि सगळी गाणी नवी. दुःख लपवलं नाही आणि नव्या माणसाला मोजायला जुनी फूटपट्टी पण दिली नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंकने १९६८ मध्येच दाखवलं होतं की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की ती आवडायला लागते, आणि इथे नव्या गाण्यांसाठी कानात आधीचा कुठलाच साचा नव्हता, जॉन्सनचा आवाजच साचा बनला. लिंकिन पार्कनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये एमिलीसाठी नवा अल्बम काढला तेव्हा मला हाच रस्ता बरोबर वाटला.

२०१६ मध्ये ऐकू येणं पार जाईल म्हणून डॉक्टरांनी जॉन्सनला थांबवलं आणि त्याच्या जागी गन्स एन रोझेसचा गायक अ‍ॅक्सल रोज आला. तो बॉनच्या काळातली, कित्येक वर्षं न वाजवलेली गाणी झकास गायला, तरी बेल्जियममध्ये हजारो लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले, त्यांना ब्रायन हवा होता. २०२० च्या अल्बमवर परत ब्रायनच गायला.