रिकामी कपाटं : सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीची पार्श्वभूमी

१९ मे ३०३. उत्तर आफ्रिकेतलं किर्ता शहर. आज तो भाग अल्जीरियात येतो. नगराचा प्रमुख अधिकारी मुनातियस फेलिक्स कारकुनांना घेऊन एका घरी आला. ख्रिस्ती लोक प्रार्थनेला याच घरात जमत. त्यांचे ग्रंथ जप्त करून जाळा, असा सम्राटाचा हुकूम होता. फेलिक्सने बिशप पौलाला ग्रंथ बाहेर काढायला सांगितलं. पौल म्हणाला, ग्रंथ वाचकांकडे, म्हणजे उपासनेत ते वाचून दाखवणाऱ्यांकडे असतात, इथे जे आहे ते आम्ही देतो. मग वाचक कोण ते दाखवा, असं फेलिक्स म्हणाला तेव्हा उत्तर आलं, ‘‘तुम्ही सगळे त्यांना ओळखता.’’ ‘‘आम्ही नाही ओळखत,’’ फेलिक्स म्हणाला.

मग पंचनामा सुरू झाला. सोन्याचे २ प्याले, चांदीचे ६ प्याले, चांदीच्या ६ सुरया, चांदीचे ७ दिवे, साखळ्यांसकट कांस्याचे ११ दिवे. त्यापुढे बायकांचे ८२ अंगरखे, डोक्यावरून घ्यायच्या ३८ ओढण्या, पुरुषांचे १६ अंगरखे, पुरुषांच्या पायताणांचे १३ जोड आणि बायकांच्या पायताणांचे ४७. ग्रंथांची कपाटं मात्र रिकामी निघाली.

हा पंचनामा जसाच्या तसा आपल्यापर्यंत पोहोचला आहे. तो वाचताना मी दर वेळी त्या पायताणांपाशी थांबतो. सोन्याचे प्याले दोन आणि पायताणांचे जोड साठ. उपासनेला इतक्या कपड्यांचं काय काम? गोरगरिबांना, त्यातही विधवांना वाटण्यासाठी ते साठवलेले असणार, असं अभ्यासक मानतात, आणि मलाही दुसरं काही पटत नाही. मंडळी कशामुळे वाढली याचं सर्वांत खरं उत्तर या यादीत आहे, आणि ते लिहून घेतलं होतं मंडळी मोडायला आलेल्या माणसांनी.

या दिवसाच्या मागे पावणेतीनशे वर्षं आहेत. इ. स. ३०च्या सुमारास यरुशलेमात येशूला क्रूसावर दिलं गेलं, आणि त्याच शहरात त्याच्या शिष्यांची पहिली मंडळी उभी राहिली. ते सगळे यहुदी होते, मंदिरात जात होते. त्यांच्यातल्या स्तेफनाला दगडमार करून मारल्यावर त्यांची पांगापांग झाली आणि त्या पांगण्यातूनच ही शिकवण त्या वेळच्या सीरियातल्या अंत्युखियापर्यंत गेली. ‘ख्रिस्ती’ हे नाव तिथेच पहिल्यांदा पडलं. सन ४९च्या सुमारास यरुशलेमात प्रेषित आणि मंडळीचे वडीलधारे बसले आणि त्यांनी ठरवलं की यहुदी नसलेल्यांना मंडळीत यायला सुंतेची अट नाही. या निर्णयाने दार सताड उघडलं. पण एक संरक्षणही हळूहळू गेलं. यहुदी धर्म पुरातन म्हणून रोमन राज्य त्यांना देवळातल्या यज्ञबळींची सक्ती करत नसे. ख्रिस्ती लोक वेगळे ओळखू येऊ लागल्यावर ही सवलत त्यांना कोण देणार?

रोमन माणसाच्या मनात देवाधर्माचा अर्थ काय होता, हे इथे समजून घ्यायला हवं. तुम्ही मनात काय मानता याची त्याला फारशी फिकीर नव्हती. गावाच्या देवांचा मान वेळेवर दिला जातो की नाही, एवढंच तो बघे. मान चुकला तर देव कोपतात, पाऊस जातो, शत्रू चालून येतो, आणि त्याची झळ सगळ्या गावाला बसते. जो हा मान देत नाही तो त्याच्या लेखी नास्तिक. स्मुर्णाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प याला दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जाळलं, तेव्हा जमाव ‘नास्तिकांना हटवा’ असंच ओरडत होता. सन १९७मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरातला ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने हीच तक्रार मांडली: टायबर नदी तटापर्यंत चढली, नाईल शेतात चढली नाही, दुष्काळ पडला, साथ आली, की आरोळी एकच, ‘ख्रिस्त्यांना सिंहापुढे टाका.’

रोम शहरातला पहिला मोठा घाला सन ६४मधला. शहराला आग लागली, संशय सम्राट नीरोवर आला आणि त्याने तो ख्रिस्ती लोकांवर ढकलला. इतिहासकार टॅसिटसला ख्रिस्ती लोकांबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. तरीही तो लिहितो की त्यांना जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांकडून फाडवलं, क्रूसावर चढवलं, अंधार पडल्यावर उजेडासाठी पेटवलं, आणि हे बघून लोकांनाच कणव आली. प्रेषित पेत्र आणि पौल याच काळात रोममध्ये मारले गेले, अशी मंडळीची जुनी परंपरा आहे.

पण नीरोपासून पुढे सलग अडीचशे वर्षं राज्य ख्रिस्ती लोकांच्या मागे लागलं होतं, हे चित्र खरं नाही. भक्तीपोटी ते आपल्याकडेही सांगितलं जातं, म्हणून स्पष्ट लिहितो. सन ११२च्या सुमारास बिथुनियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला पाठवलेलं पत्र पाहा. असे खटले मी कधी पाहिले नाहीत, शिक्षा नावाला द्यायची की गुन्ह्याला, असं तो विचारतो. आपली पद्धतही तो सांगतो. आरोपीला तीनदा विचारायचं, ख्रिस्ती आहेस का? तिन्ही वेळा हो म्हटलं की मृत्युदंड. नाही म्हणणाऱ्याने देवांपुढे धूप-मद्य अर्पण करून ख्रिस्ताला शिव्याशाप दिले की सुटका. खरं काय ते काढण्यासाठी त्याने मंडळीत सेविका म्हणवणाऱ्या दोन दासींचा छळ केला. हाती काय लागलं? हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी, लूट, व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात आणि नंतर साधं जेवण एकत्र जेवतात. त्या दोन दासींची नावं प्लिनीने लिहिली नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.

ट्राजनचं उत्तर थोडक्यात असं: त्यांना हुडकत फिरू नका, कोणी नावानिशी तक्रार केली आणि आरोप सिद्ध झाला तर शिक्षा करा, निनावी चिठ्ठ्या घेऊ नका. ख्रिस्ती माणसाच्या डोक्यावर यामुळे टांगती तलवार आली. वर्षानुवर्षं काहीच व्हायचं नाही आणि एके दिवशी देणं-घेणं बिघडलेला शेजारी तक्रार घेऊन जायचा. त्या वेळचा छळ बहुतेक असाच गावोगावचा, तुटक आणि बेभरवशाचा होता. सन १७७मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्योनला जमाव उसळला आणि नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस आणि ब्लांदिना नावाची दासी त्यात गेली. त्या वेळी साम्राज्याच्या इतर कित्येक शहरांत ख्रिस्ती लोक आपापल्या धंद्यात होते.

कार्थेजच्या पर्पेतुआबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. सन २०३. बावीस वर्षांची, चांगल्या घरातली, शिकलेली, अंगावर पिणारं बाळ असलेली बाई. अजून बाप्तिस्म्याची तयारी चालू होती तेव्हाच तिला पकडलं. तुरुंगात तिने स्वतःच्या शब्दांत टिपण लिहिलं आणि ते टिकलं. वडील भेटायला येतात, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघ म्हणतात, तिच्या हातांची चुंबनं घेतात, पाया पडतात. ती समोरच्या भांड्याकडे बोट दाखवून विचारते, याला त्याच्या नावाखेरीज दुसरं काही म्हणता येईल का? तसंच मीही ख्रिस्ती आहे, दुसरं काही म्हणवू शकत नाही. अंधारकोठडीत तिला सर्वांत मोठी काळजी बाळाची होती. ते जवळ ठेवायची परवानगी मिळाली तेव्हा तुरुंगच आपल्याला राजवाडा वाटू लागला, असं ती लिहिते. तिच्यासोबतची दासी फेलिसिती आठव्या महिन्यात तुरुंगात बाळंत झाली. ७ मार्चला दोघी आखाड्यात मारल्या गेल्या. मालकीणदर्जाची बाई आणि दासी यांची नावं मंडळीने तेव्हापासून एका दमात घेतली, आणि त्या समाजात ही लहान गोष्ट नव्हती.

मंडळी वाढत होती ती अशाच घरांतून. पहिल्या दोन शतकांत वेगळी प्रार्थनास्थळं जवळजवळ नव्हतीच. सीरियातल्या दुरा युरोपोसला उत्खननात तिसऱ्या शतकातलं असं एक घर सापडलं आहे: साधं राहतं घर, मधली भिंत काढून मोठी केलेली खोली आणि बाजूला चित्रं काढलेली बाप्तिस्म्याची जागा. मंडळीचा एक सामाईक फंड असायचा. त्यातून गरिबांची प्रेतं पुरायची, अनाथांना आणि थकलेल्या नोकरांना सांभाळायचं, खाणीत धाडलेल्या बंदिवानांना मदत पोहोचवायची. सन २५१च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात लिहितो की आपल्याकडे ४६ वडील (धर्मगुरू), ७ सेवक (डीकन) आहेत आणि १५००हून अधिक विधवा आणि गरजू मंडळीच्या आधारावर जगतात. त्याच सुमारास मोठी साथ आली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की आपली चांगली चांगली माणसं आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता गेली. परक्या शहरात, कोणी नसताना, आपल्याला पाणी पाजायला आणि पुरायला माणसं आहेत, हा विश्वास कुठल्याही प्रवचनापेक्षा मोठा ठरला असणार.

सन २५०मध्ये मात्र सगळं बदललं. सम्राट डेसियसने फर्मान काढलं: साम्राज्यातल्या सर्वांनी देवांना बळी अर्पण करावा आणि तसं प्रमाणपत्र घ्यावं. इजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेली अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रं सापडली आहेत. एकात ऑरेलियस डायोजेनिस नावाचा म्हातारा अर्ज करतो: वय ७२, उजव्या भुवईवर व्रण, मी कायमच देवांना बळी देत आलो आहे, आत्ताही तुमच्यासमोर बळी दिला, मद्य ओतलं, प्रसाद चाखला, तरी खाली सही द्यावी. तारीख २६ जून २५०. हा म्हातारा ख्रिस्ती होता असं म्हणायला काहीच आधार नाही. एक प्रमाणपत्र तर मगरदेवाच्या पुजारणीचं आहे. फर्मान सर्वांनाच लागू होतं. अडकले ते ख्रिस्ती.

आणि या कसोटीत पुष्कळ जण पडले. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः लपून बसला होता. तो नंतर व्यथित होऊन लिहितो की लोक बोलावण्याचीही वाट न बघता धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकाऱ्यांनी उद्या या म्हटलं तर आजच उरका म्हणून विनवू लागले. काहींनी बळी दिला, काहींनी नुसता धूप टाकला, काहींनी पैसे चारून कोरं-करकरीत प्रमाणपत्र मिळवलं. रोमचा बिशप फेबियन मारला गेला. म्हातारा पंडित ओरिगेन हालहाल सोसून खचला आणि काही वर्षांत गेला. वर्षभराने जोर ओसरला, आणि पडलेली माणसं रडत दारात येऊन उभी राहिली.

माझ्या मते मंडळीची खरी परीक्षा सिंहापुढे झाली नाही, ती या दारात झाली. ज्याचा भाऊ तुरुंगात मेला त्याने, प्रमाणपत्र विकत घेणाऱ्या शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून प्रभुभोजनाला बसायचं का? रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, यांना क्षमा देणं मंडळीच्या हातात नाही. त्याने फळी वेगळी केली. सन २५१मध्ये सिप्रियन आणि आफ्रिकेतले बिशप बसले आणि त्यांनी मधली वाट काढली: नुसतं प्रमाणपत्र घेणाऱ्यांना चौकशी करून परत घ्या, बळी देणाऱ्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावं. पुढे पुन्हा छळाची चाहूल लागली तेव्हा ही अट आणखी सैल झाली. सिप्रियनवर पळपुटा म्हणून झालेली टीका पुसली गेली ती १४ सप्टेंबर २५८ला. सम्राट वॅलेरियनच्या हुकुमाने त्याचा शिरच्छेद झाला, आणि मरण्याआधी त्याने मारेकऱ्याला २५ सुवर्णमुद्रा द्यायला सांगितलं.

वॅलेरियन २६०मध्ये पर्शियाच्या कैदेत गेला. त्याचा मुलगा गॅलियेनस याने मंडळीच्या जागा परत दिल्या आणि पुढची चाळीस वर्षं शांततेत गेली. याच शांततेत मंडळी सर्वांत उघडपणे वाढली. सन ३००च्या सुमारास साम्राज्यातला दहातला एक माणूस ख्रिस्ती असावा, असा ढोबळ अंदाज नेहमी दिला जातो. प्रदेशाप्रदेशात फरक मोठा होता. निकोमीदियात तर सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्यातून दिसेल असं प्रार्थनामंदिर होतं. २३ फेब्रुवारी ३०३ला ते पाडलं गेलं, दुसऱ्या दिवशी ग्रंथ जाळण्याचं ते फर्मान लागलं. पूर्वेकडे हा छळ सर्वांत लांबला. सम्राट गॅलेरियसने ३० एप्रिल ३११ला, मरणाच्या दारात असताना, तो मागे घेतला आणि ख्रिस्ती लोकांनी आपल्यासाठी प्रार्थना करावी असं फर्मानातच लिहिलं. ३१३मध्ये कॉन्स्टन्टाइन आणि लिसिनियस या सम्राटांनी सर्वांनाच उपासनेची मोकळीक दिली.

किर्ताच्या झडतीत त्या दिवशी दोन उपसेवकांनी वाचकांची नावं सांगायला नकार दिला होता. ‘‘आम्ही दगा देणारे नाही. हे आम्ही उभे आहोत, मारा आम्हाला,’’ असं ते म्हणाले आणि त्यांना अटक झाली. फेलिक्स मग घरोघर गेला आणि बहुतेक वाचकांनी ग्रंथ हाती दिले. ग्रंथ देणाऱ्यांना आफ्रिकेत ‘सोपवणारे’ म्हणू लागले आणि ही शिवी पिढ्यानपिढ्या टिकली. सोपवणाऱ्याच्या हातून बिशपपद मिळालेलं चालतं का, यावरून कार्थेजची मंडळी दुभंगली. ज्यांना ते चालत नव्हतं ते डोनेटस या बिशपाचे लोक, आपली मंडळी निष्कलंक आहे म्हणणारे. ४११मध्ये कार्थेजला वाद सोडवायला बोलावलेल्या सभेत दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप हजर होते.

त्याआधी, ३२०मध्ये, किर्ता ज्या प्रांतात होतं त्या नुमिदियाचा सुभेदार झेनोफिलस याच्या कचेरीत एक प्रकरण उभं राहिलं. सम्राट आता कॉन्स्टन्टाइन होता. किर्ताचा बिशप सिल्वानस, डोनेटसच्याच पक्षातला, याचं आपल्या एका सेवकाशी बिनसलं होतं, आणि त्या सेवकाने सतरा वर्षांपूर्वीचा तो पंचनामा पुढे केला. तो मोठ्याने वाचला गेला: प्याले, दिवे, अंगरखे, पायताणं, रिकामी कपाटं. आणि एक ओळ अशी, की झडतीच्या वेळी मंडळीतल्या एका उपसेवकाने चांदीची एक पेटी आणि चांदीचा एक दिवा आणून अधिकाऱ्यांपुढे ठेवला. रांजणामागे सापडला म्हणाला. ‘‘हे सापडलं नसतं तर मेला असतास,’’ अधिकाऱ्यांतला एक जण त्याला म्हणाला होता. कारकुनाने त्या उपसेवकाचं नावही टिपून ठेवलं होतं: सिल्वानस.