सगळेच पितात, असं सगळ्यांनाच वाटतं

परदेशी विद्यापीठात गेलं की मुलं दारू प्यायला लागतात, असं सर्रास बोललं जातं. पण अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये बाहेरून आलेले विद्यार्थी सरासरीने स्थानिकांपेक्षा कमीच पिताना आढळतात. उलट अमेरिकेतून काही महिन्यांसाठी परदेशी शिकायला गेलेल्यांचं पिणं तिकडे वाढलेलं दिसलं. तेव्हा ‘तिकडची हवा’ लागली, एवढ्याने भागत नाही. नव्या समाजाची रीत माणूस ओळखतो कशी, हे पाहावं लागतं, आणि त्यामागची यंत्रणा मला विलक्षण वाटते.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विचारलं: कॅम्पसवरचं पिणं तुम्हाला कितपत पटतं? आणि इथल्या सर्वसाधारण विद्यार्थ्याला कितपत पटत असेल? १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उत्तरांचा कल स्पष्ट होता: मला तितकंसं पटत नाही, बाकीच्यांना मात्र चालतं. आणि हे ‘बाकीचे’ म्हणजे तीच उत्तरं देणारी मुलं!

हे घडतं कसं? पार्टीत एकच ग्लास तासभर हातात धरून उभा असलेला मुलगा चारचौघांत पिणाराच दिसतो. त्याच्या मनातली नाराजी दिसत नाही. समोरचाही तसाच उभा असतो, पण प्रत्येक जण स्वतःला मनावरून आणि दुसऱ्याला वागण्यावरून जोखतो. जे खोलीत अभ्यास करत बसलेत, ते तर हिशेबातच येत नाहीत. त्यामुळे कुणालाच फारशी न पटणारी रीत सगळे मिळून टिकवून धरतात. त्याच अभ्यासात एका सत्राच्या काळात मुलग्यांची मतं त्या कल्पित रीतीकडे सरकली, मुलींची सरकली नाहीत.

परदेशातून आलेल्याची अडचण याहून मोठी. कोण मनापासून हसतंय आणि कोण निभावून नेतंय, हे ओळखायला लागणारा भाषेचा कान अजून तयार झालेला नसतो. एकटेपणा असतो, मित्र हवे असतात. दिसेल ती संस्कृती, असं धरून तो ग्लास उचलतो.

अशा वेळी मिळणारा ‘सवय केली की पचते’ हा सल्ला मात्र अनेकांच्या बाबतीत निव्वळ भ्रम आहे. पूर्व आशियाई वंशाच्या साधारण तिघांपैकी एकाच्या शरीरात दारूपासून बनणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्याचं विघटन करणारं एएलडीएच-२ हे विकर (एन्झाइम) जनुकीय बदलामुळे दुबळं असतं. पिताना चेहरा लाल होतो तो यामुळेच. सवयीने लाली कमी जाणवली तरी जनुक बदलत नाही. अशा व्यक्ती पीत राहिल्या तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

प्रेंटिस यांनी क्रिस्टीन श्रोडर यांच्यासोबत १९९८ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नव्याने दाखल झालेल्या काही विद्यार्थ्यांशी त्यांनी या सामूहिक गैरसमजावर चर्चा घडवली, काहींशी प्रत्येकाने दारूबाबत स्वतः कसे निर्णय घ्यावेत यावर. काही महिन्यांनी पाहिलं, तर पहिल्या गटातली मुलं दुसऱ्या गटापेक्षा कमी पीत होती.