हात लावायचा की हात मागे ठेवायचे? इलेक्टिव्ह आणि ऑब्झर्व्हरशिप

‘परदेशात मेडिकल इंटर्नशिप’ असे जे फ्लेक्सवर आणि इन्स्टावर झळकत असते, त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबलेल्या असतात. एक इलेक्टिव्ह, दुसरी ऑब्झर्व्हरशिप. दोन्ही साधारण चार आठवड्यांच्या, दोन्ही बिनपगारी, दोन्हीत गळ्यात हॉस्पिटलचे ओळखपत्र. फोटोवरून तर कोण कशाला गेलाय ते सांगताच येत नाही. इलेक्टिव्हमध्ये पेशंटला हात लावता येतो, ऑब्झर्व्हरशिपमध्ये येत नाही. विमा, व्हिसा, शिफारसपत्र, कितव्या वर्षी जायचे, हे सगळे त्या हातावरून ठरते.

घोळ सुरू होतो तो ‘इंटर्नशिप’ या शब्दापासूनच. आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलमध्ये इंटर्न म्हणजे साडेचार वर्षांचे एमबीबीएस संपवून बारा महिन्यांची सक्तीची रोटेशन करणारा मुलगा किंवा मुलगी. रात्री दोनला कॅज्युअल्टीत सलाइनसाठी शिरेत कॅन्युला घालायची, पहाटे सॅम्पल घ्यायची, सकाळी डिस्चार्ज कार्डांचा गठ्ठा लिहायचा. अमेरिकेत मात्र इंटर्न म्हणजे रेसिडेन्सीच्या, म्हणजे डिग्रीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाच्या, पहिल्या वर्षाचा पगारी डॉक्टर. त्यामुळे मुंबईच्या वकिलातीत खिडकीसमोर उभे राहून ‘इंटर्नशिपला चाललोय’ म्हटले, की समोरच्याला ऐकू येते ते ‘नोकरीला चाललोय’. तो शब्द तोंडातही नको आणि फॉर्मवरही नको. त्यात भर म्हणजे २०१९च्या नव्या अभ्यासक्रमापासून आपल्या एमबीबीएसमध्येही ‘इलेक्टिव्ह’ नावाचा भाग आला आहे. तो आपल्याच कॉलेजच्या वेळापत्रकातला. परदेशातली इलेक्टिव्ह त्याच्या जागी आपोआप धरली जाईल असे समजू नका. जाण्याआधी डीनची लेखी मान्यता लागते, आल्यावर मागून उपयोग नाही.

आता वॉर्डात काय होते ते बघू. अमेरिकेतल्या इलेक्टिव्हला गेलेला विद्यार्थी सकाळी सहाच्या सुमारास वॉर्डात पोचतो. त्याच्या नावावर दोन-तीन पेशंट असतात. रात्रीत काय झाले ते नर्सला विचारायचे, पेशंट तपासायचा, कालचे आणि आजचे रिपोर्ट जुळवायचे आणि राउंडला सगळ्यांसमोर पाच मिनिटांत केस मांडायची: तक्रार काय, सापडले काय, निदान काय वाटते, पुढे काय करावे. नोट लिहायला मिळाली तरी तिच्यावर वरच्या डॉक्टरची सही झाल्याशिवाय ती मोजत नाहीत. औषधाची ऑर्डर स्वतःच्या नावावर सोडता येत नाही. आपल्याकडच्या इंटर्नला हे फारच कमी वाटते, कारण हात चालवायची सवय झालेली असते. पण तिथे विद्यार्थ्याकडून हातापेक्षा मांडणी जास्त मागतात, आणि आपली मुले नेमकी तिथे अडखळतात.

ऑब्झर्व्हरशिपवाला त्याच राउंडला असतो, पण पलंगाच्या पायथ्याशी. ओळखपत्रावर ‘ऑब्झर्व्हर’ छापलेले. एकट्याने हिस्टरी घ्यायची नाही, स्टेथो लावायचा नाही, संगणकावरच्या नोंदीत लॉगिन नाही, ऑपरेशनला हात धुऊन टेबलाशी उभे राहायचे नाही. पेशंटला ‘हे डॉक्टर निरीक्षण करायला आलेत, चालेल ना?’ असे विचारले जाते आणि पेशंट नाही म्हणाला, की बाहेर जायचे. यात कमीपणा काही नाही. मात्र ‘हँड्स-ऑन ऑब्झर्व्हरशिप’ अशी जाहिरात दिसली तर समजा की लिहिणाऱ्याला अर्थ कळत नाही किंवा तुम्हाला कळू नये अशी त्याची इच्छा आहे. कोरडा पाऊस म्हणावा तसे ते.

इलेक्टिव्ह फक्त विद्यार्थ्याला मिळते. डिग्री हातात आली, की ते दार बंद. मग उरते ऑब्झर्व्हरशिप. बहुतेक अमेरिकी विद्यापीठांना अंतिम वर्षाचा, मुख्य विषयांची पोस्टिंग संपवलेला विद्यार्थी हवा असतो. आपला इंटर्न इथे मधल्या पायरीवर उभा असतो. फायनल पास, पण डिग्री इंटर्नशिपनंतर. काही विद्यापीठे त्याला विद्यार्थी मानतात, काही मानत नाहीत. मानतात तिथेही ‘हा अजून आमचा विद्यार्थी आहे, डिग्री अमुक तारखेनंतर मिळेल’ असे डीनचे पत्र लागते. बोनाफाइडवर नुसते ‘इंटर्न’ लिहून आणले, तर समोरचा कारकून ‘हा तर डॉक्टर झाला’ म्हणून अर्ज बाजूला ठेवतो. पत्राचा मसुदा स्वतः नीट लिहून ऑफिसात न्या. शिवाय इंटर्नशिपची रजा ठरावीक असते. तिच्यापुढे गेलेले दिवस शेवटी भरून द्यावे लागतात, आणि मग पीजी प्रवेशाच्या तारखांशी गाठ पडते. म्हणून चांगला काळ म्हणजे अंतिम वर्षाची परीक्षा आणि इंटर्नशिपची सुरुवात यांच्यामधली फट. पण ती किती रुंद असेल हे निकालावर अवलंबून, त्यामुळे परत न मिळणारी फी भरताना हात आखडता ठेवा.

अर्ज कुठे करायचा? अमेरिकेत बरीच विद्यापीठे बाहेरच्या विद्यार्थ्यांचे अर्ज व्हीएसएलओ या पोर्टलवरून घेतात, पण त्यासाठी आपले कॉलेज त्यात सामील असावे लागते. नसेल तर थेट परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज घेणारी विद्यापीठे शोधायची. काही ठिकाणी यूएसएमएलई स्टेप वन, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेचा पहिला टप्पा, पास झाल्याचा पुरावा मागतात. २६ जानेवारी २०२२ पासून त्या परीक्षेत गुण नाहीत, नुसते पास किंवा नापास, म्हणून शिफारसपत्राचे वजन आणखी वाढले. ऑब्झर्व्हरशिपला एवढे काही लागत नाही. हॉस्पिटलच्या विभागाला किंवा थेट एखाद्या डॉक्टरला मेल करून ती मिळू शकते, आणि पन्नास मेलना दोन उत्तरे आली तरी निराश व्हायचे कारण नाही. तिसरा, बऱ्याच मुलांना माहीत नसलेला रस्ता म्हणजे इफ्म्सा या जागतिक विद्यार्थी संघटनेची देवाणघेवाण. भारतात तिची सदस्य संघटना एमएसएआय. त्यातला ‘स्कोप’ हा वॉर्डातला कार्यक्रम आणि ‘स्कोर’ हा संशोधनाचा. स्कोपमध्ये हात लावायला मिळेल की नाही ते देशावर आणि हॉस्पिटलवर ठरते. नावावर जाऊ नका.

व्हिसाच्या बाबतीत अमेरिकेत दोन्हींना साधारण बी-वन हा तात्पुरत्या भेटीचा व्हिसा लागतो, म्हणून मुले म्हणतात ‘मग फरक काय?’ फरक अटीत आहे. हात लावायची इलेक्टिव्ह बी-वनवर चालते ती अमेरिकी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, तिथल्या प्राध्यापक डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बिनपगारी आणि तुमच्या शिक्षणाचा मान्य भाग म्हणून असेल तरच. एखाद्या खासगी क्लिनिकमध्ये पैसे भरून ‘एक्स्टर्नशिप’ करणारा डिग्रीधारक या चौकटीत बसत नाही, क्लिनिकवाला काहीही म्हणो. पत्रात चार गोष्टी स्वच्छ हव्यात: तारखा, देखरेख करणाऱ्याचे नाव, पगार किंवा मानधन नाही, खर्च कोणाचा. ऑब्झर्व्हरशिपच्या पत्रात ‘रुग्णसेवा करणार नाही’ हे वाक्यही असू द्या.

ब्रिटनमध्ये गंमत उलटी. तिथे विद्यार्थ्याच्या मुक्कामाला इलेक्टिव्ह म्हणतात आणि डिग्री झालेल्याच्या मुक्कामाला क्लिनिकल अटॅचमेंट. पण व्हिजिटर व्हिसावर यांपैकी कशातही पेशंटवर उपचार करता येत नाहीत. म्हणजे अमेरिकेत ‘इलेक्टिव्ह’ शब्दामागे जो हात असतो, तो लंडनमध्ये असेलच असे नाही. जर्मनीत शब्द निराळे: विद्यार्थ्याची ‘फामुलाटूर’, तिच्यात रक्त घेण्यासारखी कामे करायला मिळतात, आणि नुसते पाहायला येणाऱ्याची ‘हॉस्पिटाशिओन’. तिथे जर्मन बोलता आले नाही तर फामुलाटूरही आपोआप हॉस्पिटाशिओनच होते, कारण पेशंटशी बोलणार कोण?

लसींच्या कागदावर मात्र सर्वात जास्त अर्ज अडकतात, आणि हे इलेक्टिव्हवाल्यांच्या वाट्याला जास्त येते, कारण ते पेशंटच्या जवळ जाणार. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ठरलेला लसीकरणाचा फॉर्म असतो. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एमएमआरचे दोन डोस, किमान २८ दिवसांच्या अंतराने. आपल्याकडे आत्ताच्या विद्यार्थ्यांना लहानपणी सरकारी दवाखान्यात गोवराची लस मिळाली, आणि २०१८च्या अखेरीस शाळाशाळांतून मोहीम झाली ती गोवर-रुबेलाची. गालगुंड दोन्हीत नाही. खासगीत एमएमआर घेतली नसेल, तर अँटिबॉडी तपासणीत नेमका गालगुंडाचा रकाना निगेटिव्ह येऊ शकतो. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या हे आईने सांगून भागत नाही, तपासणीचा कागद लागतो. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांचे, त्यानंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीचे माप, आणि तो किमान १० (एमआययू/मिली) हवा. कमी आला तर पुन्हा डोस, पुन्हा तपासणी. धनुर्वातासाठी कॅज्युअल्टीत मिळणारे नुसते टीटी किंवा टीडी चालत नाही. डांग्या खोकल्याचा भाग असलेली टीडॅप हवी, आणि तिला दहा वर्षे उलटली असतील तर त्यावर बूस्टर.

क्षयाच्या चाचणीत सर्वांत जास्त चुका होतात. जन्मतः बीसीजी ही क्षयाची लस घेतलेल्या माणसाची मांटू ही कातडीवरची चाचणी कधी कधी क्षय नसतानाही फुगते. मग छातीचा एक्स-रे, स्पष्टीकरणाची पत्रे, आणि दोन आठवडे गेले. म्हणून शक्य असेल तिथे इग्रा ही रक्ताची चाचणी करा. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. दुसरी चूक क्रमाची. एमएमआर किंवा कांजिण्यांची लस ही जिवंत लस असते आणि तिच्यानंतर चार-सहा आठवडे क्षयाची चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून चाचणी लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी. आज लस आणि पुढच्या आठवड्यात मांटू असे केले, तर सगळे पुन्हा. हिशेब उलटा मांडला, की आठ-नऊ महिने आधी सुरुवात करावी लागते हे दिसते.

विम्याचा फरक सरळ आहे. इलेक्टिव्हला आरोग्यविम्याशिवाय वैद्यकीय चुकीचा विमाही मागतात. अमेरिकेत तो बहुधा एका दाव्यामागे १० लाख डॉलर आणि एकूण ३० लाख डॉलर या मर्यादेचा. आपली कॉलेजे सहसा तो देत नाहीत, स्वतः विकत घ्यावा लागतो. ऑब्झर्व्हरला हा विमा बहुतेक ठिकाणी लागत नाही. का, ते एव्हाना लक्षात आले असेल. मात्र पेशंटच्या गोपनीयतेचे प्रशिक्षण दोघांनाही असते. वॉर्डातला फोटो, एक्स-रेचा फोटो, ‘इंटरेस्टिंग केस’ म्हणून बॅचच्या ग्रुपवर टाकलेला मजकूर, हे आपल्याकडे चालून जाते. तिथे त्याच दिवशी ओळखपत्र काढून घेतात.

आणि शेवटी ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते शिफारसपत्र. ऑब्झर्व्हरशिपचे पत्र बहुतेक असे असते: ‘चार आठवडे हजर होते, वक्तशीर, चौकस, नम्र.’ इलेक्टिव्हचे पत्र असे असू शकते: ‘रोज तीन पेशंट सांभाळले, एकाच्या पायाची सूज आम्हा सर्वांच्या आधी पाहिली, टीका ऐकून दुसऱ्या दिवशी केस सुधारून मांडली.’ पहिले पत्र खोटे नसते. त्यात लिहायला काही नसते एवढेच. रेसिडेन्सीसाठी अमेरिकेला जायचे असेल, तर रेसिडेन्सी चालवणाऱ्या शिक्षण हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने इलेक्टिव्हमधले काम पाहून दिलेले एक पत्र हे पैसे भरून आणलेल्या तीन क्लिनिक-पत्रांपेक्षा जड पडते. तिथल्या व्यवस्थेची चव घ्यायची असेल किंवा डिग्री आधीच हातात असेल, तर ऑब्झर्व्हरशिप वाईट नाही. नर्सिंग, फिजिओथेरपीच्या मुलांना तर परदेशी लायसन्स नसल्याने बहुतेक वेळा तीच मिळते.

कोल्हापुरातून निघताना एक किरकोळ वाटणारी, पण जिवावर उठणारी बाब: नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. अर्ज, विमा, लसींचा फॉर्म, व्हिसा यांतला क्रम एकसारखा ठेवा. पासपोर्टवर जसे आहे तसेच, एक अक्षर इकडे-तिकडे नको. पासपोर्टात चूक असेल तर आधी ती दुरुस्त करा, मग महालक्ष्मी एक्सप्रेसचे तिकीट काढून मुंबई गाठा.

आणि ऑब्झर्व्हर म्हणून गेलात, तर एक प्रसंग हमखास येतो. राउंड चालू असते, डॉक्टर प्रेमाने म्हणतात, ‘ये, हृदयाचा हा मर्मर ऐक.’ स्टेथो गळ्यात असतो, वर्षभर वॉर्ड सांभाळल्याने पाय आपोआप पुढे जातात. तिथे थांबायचे आणि एवढेच विचारायचे: ‘सर, मी ऑब्झर्व्हर आहे, मला परवानगी आहे का?’ नव्वद टक्के वेळा डॉक्टरच हसून म्हणतात, ‘अरे हो, विसरलोच.’ मग मर्मर कुठे ऐकू येतो, कुठे पसरतो, ते बाहेर कॉरिडॉरमध्ये विचारायचे आणि वहीत लिहायचे, पेशंटचे नाव न लिहिता.