मुंबईतील कांदळवने आणि मानवी हस्तक्षेप

भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, खाऱ्या चिखलात वाढणारे जंगल म्हणजे कांदळवन किंवा खारफुटी. मुंबई परिसरात ठाणे, माहीम, मालाड, मनोरी आणि वसई या खाड्यांच्या काठी ते आढळते. तिवर, कांदळ, चिपी, मारांडी या येथील ओळखीच्या वनस्पती. त्यांत तिवर सर्वाधिक दिसते, कारण खारटपणा आणि सांडपाणी ते इतरांपेक्षा जास्त सोसते. २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा दर्जा मिळाला.

कांदळवन संपवायला कुऱ्हाड लागतेच असे नाही. खाडीच्या फाट्यावर बांध घातला किंवा रस्त्यासाठी भराव टाकला, की भरतीचे पाणी आत येणे थांबते आणि झाडे उभ्या जागी वाळतात. मग ती जमीन ‘ओसाड’ म्हणून दाखवणे सोपे जाते. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात. राडारोडा, प्लास्टिक किंवा तेलाचा थर बसला की ती गुदमरतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांच्या टकरीनंतर सांडलेले तेल आसपासच्या कांदळवनांपर्यंत पोहोचले होते. मात्र पावसाळ्याच्या शेवटी तिवरे निष्पर्ण दिसली तर लगेच विषप्रयोगाचा संशय घेऊ नये. एका पतंगाच्या अळ्या पाने फस्त करतात आणि झाडांना पुन्हा पालवी फुटते.

मिठी नदीच्या मुखाजवळचा पाणथळ प्रदेश भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा आक्रसलेल्या मिठीला ते पाणी वाहून नेता आले नाही.

झडलेली पाने चिखलात कुजतात आणि त्यांवर खेकडे, कोळंबी व सूक्ष्मजीव पोसले जातात. बोय, जिताडा या माशांची पिल्ले मुळांच्या जाळीत आसरा घेतात. निवटी हा मासा तर याच चिखलावर जगतो. म्हणून काठचे कांदळवन तुटल्याची झळ पाग (फेकजाळे) टाकणाऱ्याला आणि ओहोटीला कालवे, शिवल्या हे शिंपले वेचणाऱ्या कोळणींना थेट बसते. कारखान्यांचे व गटारांचे पाणी हे नुकसान वाढवते.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनतोडीवर आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातील बांधकामावर निर्बंध घातले. अशी तोड म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग, असे न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. दरम्यान २०१२ मध्ये वनविभागाचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. सार्वजनिक प्रकल्पांना मात्र भरपाईच्या लागवडीच्या अटीवर तोडीची परवानगी मिळते. रोपे दुसरीकडे लावता येतात. बुजवलेला पाण्याचा फाटा दुसरीकडे नेता येत नाही.

वनसर्वेक्षणानुसार राज्यातील कांदळवन २०१३ मधील १८६ चौ. किमी. वरून २०१९ मध्ये ३२० चौ. किमी. झाले. हा आकडा जपून वाचावा, कारण प्रत्येक वाढ फायद्याचीच असते असे नाही. ठाणे खाडीत गाळ साचून उघड्या चिखलपट्ट्यांवरही तिवर पसरत आहे, आणि २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळालेल्या या खाडीतील रोहित पक्षी व इतर पाणपक्षी याच चिखलपट्ट्यांवर चरतात.