घाटवाटेची ब्रेव्हे

ठरलेले अंतर ठरलेल्या वेळात, वाटेतल्या प्रत्येक तपासणी-नाक्यावर हजेरी लावत आणि बाहेरची मदत न घेता सायकलने पार करण्याच्या दीर्घपल्ल्याच्या उपक्रमाला ब्रेव्हे म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ प्रमाणपत्र. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा क्रमांक नसतो. वेळेत पोहोचलेले सगळे सारखेच. ब्रेव्हे करणाऱ्याला रँडोनियर म्हणतात. महाराष्ट्रातले सायकलवाले मात्र बहुधा ‘बीआरएम’ (ब्रेव्हे दे राँदोनर मोंदियो) या आद्याक्षरांवरच भागवतात. मार्ग सपाट असला तर ब्रेव्हे हा चिकाटीचा मामला असतो. तोच मार्ग सह्याद्रीचा घाट चढू-उतरू लागला की चिकाटीच्या जोडीला हिशेब लागतो, आणि ही नोंद बरीचशी त्या हिशेबाबद्दल आहे.

वेळेचे नियम
२०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, ३०० साठी २०, ४०० साठी २७, ६०० साठी ४० आणि १,००० साठी ७५. म्हणजे ६०० पर्यंत ताशी सरासरी साधारण १५ किलोमीटर पडते. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, कारण शाळेत जाणारी मुलेही याच वेगाने सायकल हाणतात. पण हे घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही. पंक्चर, जेवण, लघुशंका, चुकलेला फाटा, एसटी स्टँडच्या बाकावर काढलेली डुलकी, सगळे त्याच वेळेत बसवायचे. चढ आहे म्हणून सूट मिळत नाही. सोलापूरकडची सपाट २०० आणि महाबळेश्वरावरून जाणारी २००, दोन्हींना साडेतेरा तासच. फार लवकर पोहोचूनही उपयोग नसतो. २०० किलोमीटरचा शेवटचा नाका ताशी ३४ च्या हिशेबाने, म्हणजे पाच तास त्रेपन्न मिनिटांनी उघडतो.

पूर्वपीठिका
१२ जून १८९७ रोजी इटलीतील काही सायकलस्वारांनी रोम ते नेपल्स हे सुमारे २३० किलोमीटर अंतर एका दिवसाच्या उजेडात कापले. त्या धाडसावरून ‘ओडॅक्स’ (लॅटिनमध्ये धाडसी) हे नाव रूढ झाले. टूर द फ्रान्सचा जनक आंरी देग्रांज याने १९०४ मध्ये ही प्रथा फ्रान्समध्ये आणली आणि त्याच वर्षी ओडॅक्स क्लब पारिझियाँ स्थापन झाला. सुरुवातीला सगळ्यांनी एका जथ्याने, म्होरक्याच्या वेगाने जायचे असा दंडक होता. १९२१ मध्ये देग्रांज आणि क्लब यांचे फाटले. त्यानंतर क्लबने ज्याने-त्याने आपापल्या वेगाने जाण्याची पद्धत काढली. आजची ब्रेव्हे त्याच पद्धतीची. घाटाच्या दृष्टीने पाहता हे भांडण झाले ते बरेच झाले म्हणायचे, कारण चढावर दोन माणसांचा वेग कधी जुळत नाही.

या सगळ्याचे पंढरपूर म्हणजे पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस. १८९१ मध्ये ती व्यावसायिक शर्यत म्हणून सुरू झाली आणि शार्ल तेराँ याने ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. आता दर चार वर्षांनी होते. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर आणि कमाल वेळ ९० तास. पात्रतेसाठी त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० च्या ब्रेव्हे पुऱ्या कराव्या लागतात. एकाच हंगामात ही चौकडी पुरी करणाऱ्याला सुपर रँडोनियर म्हणतात. गंमत अशी की तिथल्या वाटेत आपल्याकडच्यासारखा एकही घाट नाही. सर्वांत उंच जागा चारशे मीटरच्याही आत. तरी छोट्या-छोट्या टेकाडांची बेरीज दहा हजार मीटरच्या वर जाते.

चढाचे गणित
नवख्यांचा नेहमीचा समज असा की चढावर गेलेला वेळ उतारावर वसूल होतो. तो होत नाही. तेच अंतर ताशी १० ने चढले आणि ताशी ३० ने उतरले, तर सरासरी २० येत नाही, १५ येते. २० किलोमीटर चढायला दोन तास आणि उतरायला चाळीस मिनिटे, म्हणजे ४० किलोमीटरला दोन तास चाळीस मिनिटे. ही नेमकी ब्रेव्हेची मर्यादा आहे. म्हणजे चहाला थांबलात की उधारी सुरू.

त्यात सह्याद्रीची ठेवण दोन बाजूंना सारखी नाही. कोकणच्या अंगाला तुटलेला कडा आणि देशाच्या अंगाला हळूहळू उतरत जाणारे पठार. पोलादपूर समुद्रसपाटीच्या जेमतेम वर, तर महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. मधल्या आंबेनळी घाटाचा रस्ता साधारण चाळीस किलोमीटरचा. तो ताशी ११ ने चढला तर तीन तास अडतीस मिनिटे लागतात आणि घड्याळ देते फक्त दोन तास चाळीस. तासभराचे कर्ज झाले. पुढे पाचगणीवरून पसरणी घाटाने वाईला उतरले की ते फिटेल असे वाटते. पण वाईच सातशे मीटरच्या वर आहे. चढलेल्या उंचीपैकी निम्मीच परत मिळते, तीही वाटेत चढ-उतार असलेल्या बत्तीसएक किलोमीटरमध्ये. ताशी २४ ने गेले तरी पदरात पडतात पाऊणएक तास.

म्हणून मार्ग कुठून सुरू होतो याला फार महत्त्व आहे. पुण्याहून निघालेला रँडोनियर आधी कोकणात उतरतो. ताम्हिणीचा असो वा वरंध्याचा, सकाळचा उतार त्याला ऐन हुरूपात मिळतो आणि हाती तास-दीड तास शिल्लक दिसू लागते. ती शिल्लक फसवी असते. दुपारी कोकणातला दमट उकाडा खाऊन, दीडशे किलोमीटर झालेल्या पायांनी तोच डोंगर परत चढायचा असतो. पनवेल-खोपोलीकडून निघणाऱ्यांचे उलट असते. सकाळच्या गारव्यात ताज्या पायांनी बोरघाट चढून लोणावळा गाठायचे आणि परतीला डोंगर खाली सोडायचा. कागदावर दोन्हींची एकूण चढण सारखी भरली तरी बहुतेकांच्या पायांना दुसरा मार्ग सोसतो. मार्गाचा तक्ता हाती आला की एकूण चढण किती हे सगळे बघतात. शेवटचा मोठा चढ कितव्या किलोमीटरला आहे हे आधी बघावे.

घाट चढताना
आंबेनळीचा चढ सरासरी तीन-सव्वातीन टक्के, म्हणजे शंभर मीटरला तीन मीटरच्या थोडा वर. सरासरीने मात्र फसू नये. पोलादपूर सोडल्यावर काही वेळ रस्ता साळसूदपणे जातो, मग झाडीत शिरून वळणे घेऊ लागतो. प्रतापगडाच्या फाट्याशी माथा आल्यासारखे वाटते. रस्ता वाडा कुंभरोशीकडे चक्क खाली उतरतो, आणि मग महाबळेश्वरचा खरा चढ अंगावर येतो. फाट्यापर्यंत जीव तोडून आलेला माणूस पुढच्या टप्प्यात सायकल हातात धरून चालताना दिसतो. चालण्याला नियमांची आडकाठी नाही. ताशी चार-पाचच्या चालीने घड्याळ मात्र हातचे जाते.

स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर हजार मीटर उंची चढायला नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ८३४ किलोज्यूल काम करावे लागते. स्नायू खर्चलेल्या ऊर्जेचा पाचवा ते चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोहोचवतात, बाकीची उष्णतेत जाते. म्हणजे हजार मीटरच्या चढाला ८०० ते १,००० किलोकॅलरी जातात. हे काम एका तासात उरकायचे की दोन तासांत एवढेच स्वाराच्या हाती असते. अनुभवी माणूस दोन तास घेतो. बोलता येईल इतकाच दम लागू द्यायचा आणि मागून कोणी पुढे गेले तर जाऊ द्यायचे, कारण त्याच्याशी आपली शर्यत नसते.

यासाठी हलका गियर हवा. पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे ३२ दात्यांची असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरच्या आसपास जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी आठ. आठ टक्क्यांच्या चढावर हे निभते. मागची मोठी चकती २५ दात्यांची असेल तर त्याच वेगाला मिनिटाला ४७ च फेरे पडतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. दुकानात सायकलचे वजन किलोभराने कमी करण्यासाठी लोक हजारो रुपये मोजतात. मागचा कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलायला त्याच्या तुलनेत फुटकळ पैसे लागतात आणि घाटात उपयोगी पडतो तो कॅसेट. सायकल महागडी रोडबाइकच हवी असे नाही. हायब्रिड, एमटीबी (डोंगरी सायकल) आणि दोघांची टँडेमही चालते.

तयारी
पहिल्या डोंगरी २०० साठी नियमित सायकल चालवणाऱ्यालाही दोन-तीन महिने द्यावे लागतात. आठवड्यात दोन-तीन छोट्या फेऱ्या आणि रविवारी एक लांब फेरी, ती हळूहळू दीडशे किलोमीटरपर्यंत वाढवायची. चढाची सवय चढूनच होते. पुणेकरांना दिवेघाट, बोपदेव आणि कात्रज दाराशी आहेत, आणि सिंहगडाचा रस्ता म्हणजे तर परीक्षाच. पायथ्यापासून नऊएक किलोमीटरमध्ये सुमारे सहाशे मीटर चढतो. ठाण्याला येऊर आहे. नागपूरकरांना उड्डाणपुलावर येरझाऱ्या घालाव्या लागतात. लोक हसतात, पण उपयोग होतो. शेवटच्या आठवड्यात मात्र विश्रांती घ्यावी. त्या आठवड्यात कमावण्यासारखे काही उरलेले नसते, गमावण्यासारखे बरेच असते.

खाण्याची तालीम याच फेऱ्यांत करायची. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या कर्बोदकांचा, साठा चारपाचशे ग्रॅमच्या आसपास असतो आणि काही तासांच्या चढाईत संपत येतो. संपला की पाय अचानक शिशाचे होतात, डोके भणाणते, चिडचिड होते. सायकलवाले याला ‘बोंक’ म्हणतात. भूक लागल्यावर खाणे म्हणजे उशीर. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जात राहावीत: एक मोठे केळे, चार-पाच खजूर, राजगिऱ्याची चिक्की, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, असे आलटून पालटून. नाक्याजवळच्या हॉटेलात पोहे किंवा साबुदाण्याची खिचडी बरी. मिसळीचा मोह अनेकांना होतो आणि पुढच्या चढावर घशाशी येतो. नुसते पाणी पीत राहिल्यास घामातून गेलेले मीठ भरून निघत नाही. ओआरएसची पुडी, मीठ घातलेले लिंबू सरबत किंवा कोकम हवेच.

उतार आणि रात्र
दमछाक चढावर होते, हातपाय मोडतात ते उतारावर. हात हँडलच्या खालच्या वळणावर ठेवायचे, ब्रेक वळणात शिरण्याआधी दाबायचा, आणि सतत घासत न ठेवता दाबून सोडायचा. रिम ब्रेकची (चाकाच्या धातूच्या कडेवर ब्रेक दाबणारी) सायकल लांब उतारावर एकसारखा ब्रेक धरून चालवली तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. पावसाळ्यात वळणावर वाहून आलेली खडी, सांडलेले डिझेल आणि धुके असते. दरड कोसळून घाटच बंद होणेही नित्याचे. ३०० आणि पुढच्या पल्ल्यांना रात्र टळत नाही. पुढे-मागे दिवे, परावर्तक जॅकेट आणि हेल्मेट लागतेच. रात्रीचा आणखी एक प्रश्न कुत्र्यांचा आहे. चढावर ते पाठीला लागले की पळणे शक्य नसते. सायकलवरून उतरून, ती आपल्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरून चालत राहिले की बहुधा त्यांचा रस जातो.

नाका आणि कार्ड
स्वाराजवळ ब्रेव्हे कार्ड असते आणि प्रत्येक नाक्यावर त्यावर वेळ व सही-शिक्का घ्यायचा असतो. आडगावी रात्री दोनला शिक्का मारायला कोण बसणार? त्यावर भारतात निघालेली तोड म्हणजे एटीएमची पावती: जागा, तारीख, वेळ सगळे छापून मिळते. गुलाबी थंडीत, झोपलेल्या रखवालदाराला न उठवता, हेल्मेट आणि चमचमते जॅकेट घातलेला माणूस शंभर रुपये काढून जातो, तो पैशांसाठी नव्हे. पावतीचा कागद मात्र उष्णतेने छापला जाणारा असतो. जर्सीच्या खिशात घामाने भिजला की अक्षरे उडतात आणि दोनशे किलोमीटरचा पुरावा कोरा होतो. जाणते लोक ती लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घालतात आणि मोबाइलवर फोटोही काढून ठेवतात.

सोबत गाडी नेता येत नाही. मदतीची गाडी फक्त नाक्यावर भेटू शकते. मधल्या वाटेत आपली पंक्चर आपण काढायची. दुसऱ्या स्वाराने मदत केलेली चालते, आणि ती सहसा न मागता मिळते.

शेजारचे प्रकार
घाटावर मदतगाडीसह होणाऱ्या शर्यती वेगळ्या. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. पुणे ते गोवा ही सुमारे ६४३ किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर अमेरिकेच्या रेस अक्रॉस अमेरिकासाठी पात्रता-शर्यत आहे. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची ती सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून पुरी केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. ब्रेव्हेच्याच कुळातला, निव्वळ डोंगरासाठीचा प्रकार म्हणजे सुपर रँडोने: ६०० किलोमीटर आणि किमान १०,००० मीटर चढण. त्याला वेळ मात्र साध्या ६०० पेक्षा अधिक मिळतो, म्हणजे चढाला सूट द्यावी हे तिथे तरी मान्य झाले आहे.

साध्या ब्रेव्हेचा निकाल ओडॅक्स क्लब पारिझियाँकडे पॅरिसला जातो, तपासला जातो आणि प्रत्येक पूर्ण झालेल्या ब्रेव्हेला क्रमांक मिळतो. पदक हवे असल्यास त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात.