लाँग, जेम्स

लाँग, जेम्स : (१८१४–२३ मार्च १८८७). बंगालमध्ये कार्य केलेले अँग्लिकन धर्मोपदेशक आणि बंगाली ग्रंथांचे सूचिकार. जन्म आयर्लंडमधील बँडन येथे. चर्च मिशनरी सोसायटीतर्फे १८४० मध्ये ते कलकत्त्यास आले. शहरातील शाळेत शिकवल्यानंतर त्यांनी कलकत्त्याजवळच्या ठाकुरपुकुर येथील मिशन सांभाळले. त्या भागातल्या एका मोठ्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. मुलांना मातृभाषेतून शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता.

१८५५ मध्ये त्यांनी सुमारे १,४०० बंगाली पुस्तकांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. कलकत्त्यातील बटतला या भागातल्या छापखान्यांतली पंचांगे, पुराणकथा, प्रहसने असे स्वस्त साहित्यही त्यांनी आस्थेने जमवले. एक जण वाचतो आणि भोवतीचे ऐकतात, म्हणून प्रत्येक प्रतीमागे दहा वाचक-श्रोते धरावेत, असा त्यांचा हिशेब होता. रयतेचे मन जाणायचे तर सरकारने तिचे छापील साहित्य वाचले पाहिजे, हे ते सतत सांगत राहिले. नीलदर्पण या नाटकावरून पुढे त्यांच्यावर झालेल्या खटल्याचे मूळ या धारणेत आहे.

निळीचे मळेवाले रयतेच्या हाती उचल ठेवून तिला नीळ पेरायला भाग पाडत. भाव तुटपुंजा असल्याने उचल फिटत नसे. १८५९ मध्ये नदिया, जेसोर भागांत रयतेने पेरणीस नकार दिला. पुढल्या वर्षी नेमलेल्या नीळ आयोगापुढे लाँग यांनी साक्ष दिली. त्याच वर्षी दीनबंधू मित्र यांचे, मळेवाल्यांचा जुलूम दाखवणारे नीलदर्पण हे बंगाली नाटक ढाक्यात निनावी छापले गेले. त्याचा इंग्रजी अनुवाद लाँग यांनी प्रस्तावनेसह छापून घेतला. याला बंगाल सरकारचे सचिव सेटन-कार यांची संमती होती. मळेवाले खवळले आणि बदनामीची फिर्याद झाली. जुलै १८६१ मध्ये न्यायमूर्ती मॉर्डंट वेल्स यांनी लाँग यांना एक महिना कैद आणि १,००० रुपये दंड ठोठावला. दंडाची रक्कम बंगाली लेखक कालीप्रसन्न सिंह यांनी तिथल्या तिथे भरली. अनुवाद बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त यांचा असल्याचे मानले जाते, पण लाँग यांनी अनुवादकाचे नाव अखेरपर्यंत उघड केले नाही. सारा दोष त्यांनी आपल्या शिरावर घेतला. धर्मोपदेशकाच्या पदावरील गोऱ्या माणसाने रयतेच्या बाजूने तुरुंगात जाणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती आणि बंगाली समाजाने त्यांना मनापासून आपले मानले.

सुटकेनंतरही त्यांचे काम थांबले नाही. बंगाली म्हणींचा मोठा संग्रह त्यांनी प्रबादमाला या नावाने प्रसिद्ध केला. १८७२ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि लंडन येथे निधन पावले.