छोटा, शांत डबा आणि ठाण्याचा मे महिना

घोडबंदर रोडवरच्या वन बीएचकेमध्ये कॉम्प्युटरचं टेबल बहुतेक पलंगाला खेटूनच असतं. वडिलांना टॅलीसाठी विंडोज लागतं, इंजिनिअरिंगच्या लेकीला प्रॅक्टिकलसाठी लिनक्स. दोन मशीन ठेवायला जागा नसते आणि रात्री कोणी ना कोणी त्याच खोलीत झोपलेलं असतं. मग मिनी पीसीचा, म्हणजे छोट्या डब्याएवढ्या कॉम्प्युटरचा, शोध सुरू होतो आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘केवढा आहे?’ माझ्या मते पहिला प्रश्न ‘किती वॅटचा?’ हा हवा. मशीन शांत राहणार की नाही, ते तिथेच ठरतं.

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ही वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्याही प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं, म्हणून शेवटच्या थोड्याशा वेगासाठी उष्णतेची किंमत फार मोजावी लागते. २०२३ साली आलेला इंटेलचा एन१०० हा प्रोसेसर ६ वॅटचा म्हणून ओळखला जातो, तर डेस्कटॉपचे नेहमीचे प्रोसेसर ६५ वॅटचे असतात. हे आकडे नाममात्र असतात. ताण आला की प्रोसेसर काही वेळ त्याच्या बराच वर जातो, आणि कुठवर जाऊ द्यायचं हे डबा बनवणारी कंपनी ठरवते. तरी टॅली, ब्राउझर, कोडिंगचा अभ्यास एवढ्यासाठी कमी वॅटचा प्रोसेसर पुरतो.

आता ही उष्णता बाहेर कशी जाते ते पाहू. चांगल्या डब्यांत तांब्याची बंद नळी असते, हीट पाइप. आत अगदी कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं. चिपच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, बाजूला त्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे जाऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या जाळीतून परत चिपकडे झिरपते. पातेल्यातली वाफ झाकणाला लागून थेंबांनी खाली येते, तसाच हा प्रकार. जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत अशी नळी करून दाखवली.

नळी उष्णता फक्त दुसरीकडे नेते. शेवटी ती खोलीतल्या हवेलाच द्यायची असते, आणि इथे ठाण्याची हवा आडवी येते. समजा, एखाद्या पंखा नसलेल्या डब्यात दर वॅटमागे चिप खोलीपेक्षा २ अंशांनी तापते. २५ वॅटचं काम सुरू असेल तर चिप खोलीपेक्षा ५० अंश वर जाणार. खोली २० अंशांवर असेल तर चिप ७० अंशांवर थांबेल. मे महिन्यातल्या दुपारी, एसी बंद असताना खोलीत ३५ अंश असतील तर तीच चिप ८५ वर पोचेल. अनेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेले की स्वतःहून वेग कमी करतात. थंड देशातल्या खोलीत झालेल्या चाचणीवर विसंबून पंख्याविना डबा घेणाऱ्यांनी हे १५ अंश आधी मिळवून पाहावेत.

पंखा असलेल्या डब्याचा हिशोब वेगळा. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवाही निम्मीच फिरते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणजे १५ डेसिबलचा फरक मोठाच. मोठा पंखा सावकाश फिरवून तेवढीच हवा देता येते, छोट्याला मात्र गरगरावं लागतं. म्हणूनच खिशात मावेल असा डबा अनेकदा जास्त कटकट करतो. टेबलावर वीतभर जागा जास्त गेली तरी चालेल, मोठ्या पंख्याचा डबा घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन.

डेसिबलच्या आकड्यात न दिसणारी एक गोष्ट म्हणजे सूर. मिनिटाला ५,००० फेरे घेणारा सात पात्यांचा छोटा पंखा सेकंदाला सुमारे ५८३ वेळा हवा कापतो, आणि तो बारीक सूर कानाला टोचतो. छताच्या पंख्याची सळसळ अनेक कंपनसंख्यांवर पसरलेली असते. तिच्यात दुसरी सळसळ लपून जाते, पण एकाच ठिकाणी जमलेला सूर तिच्यातूनही वर येतो. जुनी हार्ड डिस्कही अशीच गुणगुणते, म्हणून फिरते भाग नसलेली एसएसडीच घ्या.

धुळीचंही पाहायला हवं. घोडबंदरला बांधकामं आणि मेट्रोचं काम यांची धूळ उडते, पावसाळ्याच्या दमट हवेत ती उष्णता हवेला देणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांवर थापली जाते, उष्णता अडते आणि पंख्याचा वेग वाढत जातो. सहज उघडून साफ करता येईल असाच डबा घ्या.

एकाच डब्यात विंडोज आणि लिनक्स अशा दोन सिस्टीम असल्या तरी एका वेळी एकच चालते, त्यामुळे त्यांची उष्णता दुप्पट होत नाही. मात्र पंखा आवरण्याचं विंडोजमधलं सॉफ्टवेअर लिनक्समध्ये कामाचं नाही. पंख्याचा वेग आणि वॅटची मर्यादा बायोसमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, ठरवता येते का ते विचारा, कारण तिथली सेटिंग दोन्हीकडे लागू होते. एसएसडीच्या दोन जागा असतील तर उत्तम. एकावर विंडोज, दुसऱ्यावर लिनक्स. दुसरी सिस्टीम टाकताना पहिली एसएसडी काढून ठेवली की एकीचा बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) दुसरीच्या डिस्कवर जात नाही. दुकानात पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून वायफाय, आवाज आणि स्लीप तपासा. वायफायची चिप अगदी नवी असली तर लिनक्स तिला ओळखेलच असं नाही.

घरी आल्यावर घड्याळ गोंधळ घालतं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सनंतर विंडोज उघडलं की घड्याळ साडेपाच तास मागे. रात्री दोनला बसलात तर इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत तारीखही आदल्या दिवसाची दिसते. स्थानिक वेळ पाळायला लिनक्सला एका आज्ञेने सांगता येतं. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते सुरू असेल तर शट डाउन करूनही विंडोज अर्धवट झोपेतच राहतं, आणि त्याच्या डिस्कवर लिखाण करायला लिनक्स नकार देतं.

नव्या मशीनवर विंडोजची डिस्क अनेकदा बिटलॉकर या विंडोजच्याच सुरक्षा-सोयीने कुलूपबंदच येते. बूटच्या सेटिंगला हात लावला की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ही की आधीच कागदावर उतरवून कपाटात ठेवा आणि मगच पेनड्राइव्ह लावा.